क्लॅनाड: कुठून सुरू करायचं, काय पळवायचं नाही, आणि हा खेळ रडवतो तो नेमका कसा

नेपथ्य

"अ‍ॅनिमे पाहिलंय, आता गेम कशाला खेळू?" हा प्रश्न इतर धाग्यांवर अवांतर म्हणून इतक्यांदा येतो की त्याला स्वतःचा धागा दिलेला बरा. प्रतिसादांत रहस्यभेद करायचा असेल तर पहिल्या ओळीत तसं लिहा, एवढीच विनंती.

आधी मूळ माहिती. क्लॅनाड 28 एप्रिल 2004 रोजी जपानमध्ये विंडोजवर आला. बनवणारे की, म्हणजे व्हिज्युअल आर्ट्सचा ब्रँड. कथेचा कणा आणि बरंचसं संगीत जुन माएदा यांचं, चित्रं इतारु हिनोउए यांची. की चे आधीचे दोन खेळ, कानोन (1999) आणि एअर (2000), मुळात प्रौढांसाठी म्हणून आले होते. क्लॅनाड पहिल्या दिवसापासून सर्व वयांसाठी आहे.

व्हिज्युअल नॉव्हेल म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: पडद्यावर पार्श्वचित्र, त्यावर पात्र, खाली मजकूर. तुम्ही वाचत जायचं आणि मधूनमधून दोन-तीन पर्यायांतला एक निवडायचा. उड्या, गोळीबार, गुण काही नाही. सगळं नीट वाचलं तर 80 ते 100 तास सहज जातात.

गोष्ट तोमोया ओकाझाकीची. बारावीच्या वयाचा, शाळेला कंटाळलेला, बापाशी अबोला धरलेला मुलगा. बापाशी झालेल्या झटापटीत उजवा खांदा दुखावला, हात खांद्याच्या वर जात नाही, बास्केटबॉल सुटलं. शाळेच्या चढावर, चेरीच्या झाडांखाली, त्याला नागिसा भेटते. आजारपणामुळे तिचं एक वर्ष वाया गेलंय, ती चढाच्या पायथ्याशी थांबलीय आणि धीर यावा म्हणून खायच्या पदार्थाचं नाव पुटपुटतेय: "आनपान!" म्हणजे गोड सारणाचा पाव.

आता खरा मुद्दा. खेळाचे दोन भाग आहेत: शाळेचा भाग आणि 'आफ्टर स्टोरी'. दुसरा भाग सुरुवातीला बंद असतो. गावातल्या वेगवेगळ्या माणसांच्या गोष्टी पूर्ण केल्या की प्रकाशाचा एकेक गोळा मिळतो. असे 8 गोळे झाले की आफ्टर स्टोरीचं दार उघडतं. एकूण गोळे 13, आणि खरा शेवट पाहायला ते सगळे लागतात. म्हणजे नायक-नायिकेचं पुढं काय झालं हे कळायच्या आधी आख्ख्या गावाची विचारपूस करावी लागते. माझ्या मते या खेळाची सगळी ताकद या कुलुपात आहे, आणि ते अ‍ॅनिमेत आणणं अवघडच होतं. पटत नसेल तर भांडा.

---

तिरफळ

धागा काढलात ते बरं केलंत. रूटच्या, म्हणजे एकेका पात्राच्या गोष्टीच्या, क्रमाबद्दल लिहितो, कारण नवे लोक इथंच फसतात.

पहिल्या खेपेला वाटाड्या (कुठं काय निवडायचं ते सांगणारी यादी) पाहू नका. मनाला येईल ते निवडा. बहुधा कुठलाच रूट धड लागणार नाही आणि खेळ मध्येच, काहीसा रुक्ष, संपेल. ती चूक नाही, खेळ तसाच रचलाय. कुणाकडेच नीट लक्ष दिलं नाही तर तोमोयाचं वर्ष असंच निघून जातं.

त्यानंतर मी सुचवेन तो क्रम: आधी फूको. तिच्या गोष्टीत नागिसा बराच वेळ असते, त्यामुळे नागिसाचं घर, बेकरी, तिचे आईवडील अकिओ-सानाए सगळे ओळखीचे होतात. मग तोमोयो आणि कोतोमी. मग फुजिबायाशी जुळ्या बहिणी. त्यानंतर युकिने, वसतिगृहाच्या मिसाएताई, तोमोयाचा मित्र सुनोहारा आणि त्याची बहीण मेइ, कोमुरा सर. नागिसाचा रूट शेवटी, म्हणजे तिथून थेट आफ्टर स्टोरीत जाता येतं. नागिसा आधी करून मग बाकीचे केले तर दोन भागांमध्ये मोठी फट पडते आणि आफ्टर स्टोरी सुरू होताना तिच्या नाटकाच्या क्लबातलं निम्मं विसरायला झालेलं असतं.

कुठल्या रूटला गोळा मिळतो आणि कुठल्याला नाही असा हिशेब करत बसू नका. सगळेच करा.

---

मेतकूट

पण प्रत्येक वेळी पहिल्यापासून तेच तेच वाचायचं? 14 एप्रिलपासून?

---

तिरफळ

@मेतकूट, नाही हो. स्किप असतं. सेटिंगमध्ये स्किप फक्त वाचलेल्या मजकुरापुरता ठेवा, न वाचलेलं पळवायची मुभा बंद. मग स्किप चालू केलं की जुना मजकूर भराभर सरकतो आणि नवं वाक्य आलं की आपोआप थांबतो. हे थांबणंच खूण आहे: तुम्ही नव्या फाट्यावर आलात. पुष्कळदा एका जुन्या प्रसंगात मध्येच तीन नवी वाक्यं असतात, कारण आदल्या दिवशी तुम्ही वेगळं काही निवडलेलं असतं. न वाचलेलंही पळत असेल तर ही वाक्यं निसटतात आणि मग "रूट का लागला नाही" म्हणून लोक इथं येऊन विचारतात.

सेव्ह करताना कंजुषी नको. दर पर्यायाच्या आधी नवा सेव्ह, जुन्यावर लिहायचं नाही. खेळात रोजची तारीख दिसते, तिचा आधार घ्या. एक सेव्ह अगदी पहिल्या दिवशीचा ठेवा, 14 एप्रिल, आणि तो कधीही पुसू नका. कोतोमीसाठी तो लागतोच. सुरुवातीच्या दिवसांत ग्रंथालयाकडे पाय वळवले नाहीत तर ती पुढं भेटतच नाही, आणि हे कळेपर्यंत मे महिना उजाडलेला असतो.

---

गवती_चहा

मांडणीबद्दल थोडं. स्टीमवरची (संगणकाचे खेळ विकणारं ऑनलाइन दुकान) आवृत्ती सेकाई प्रोजेक्टने नोव्हेंबर 2015 मध्ये आणली. इंग्रजी भाषांतरासाठी किकस्टार्टरवर 1,40,000 डॉलर मागितले होते, जमले पाच लाखांच्या वर. मूळ खेळ 640 × 480 चा, स्टीमवरचा 1280 × 960. दोन्ही 4:3 आहेत, त्यामुळे आजच्या पडद्यावर डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या राहणार. त्या राहू द्या. ताणून पूर्ण पडदा भरला की चेहरे आडवे पसरतात, आणि हिनोउएंच्या चित्रांना ते अजिबात सोसत नाही.

आवाज: संगीत 70 टक्क्यांवर आणा, पात्रांचे आवाज 100 वर. मूळ 2004 च्या आवृत्तीत आवाज नव्हतेच. ते आधी 2006 च्या प्लेस्टेशन 2 आवृत्तीत आले आणि 2008 मध्ये संगणकावर. क्लिक केल्यावर चालू संवाद तुटणार नाही असा पर्याय असेल तर तो लावा. ऑटो मोडचा वेग थोडा कमीच ठेवा, विशेषतः आफ्टर स्टोरीत. तिथं दोन वाक्यांमधली शांतताही लिहिलेली आहे.

एक गोष्ट लोक उघडूनच पाहत नाहीत: डांगोपीडिया. खेळातच असलेला छोटा कोश. मजकुरात येणारे जपानी खाद्यपदार्थ, प्रथा, टीव्हीवरचे विनोद यांचे खुलासे त्यात आहेत. सुनोहाराचे निम्मे विनोद त्याशिवाय डोक्यावरून जातात.

---

खडूस_वाचक

सगळे आरत्या ओवाळताय म्हणून विरुद्ध बाजू मांडतो. शाळेचा भाग निम्म्याने कापला तरी काही बिघडलं नसतं. सुनोहाराला लाथ, सुनोहाराला पुस्तक, सुनोहाराच्या खोलीत रग्बीवाले, पुन्हा सुनोहाराला लाथ. विनोद चांगला असला तरी चाळीस तास तोच विनोद? आणि चित्रं. डोळे कपाळापासून गालापर्यंत, हनुवटी नावालाच. काही चित्रांत मान आणि खांदा यांचं नातं तुटलेलं आहे. मालिका बनवणाऱ्या क्योतो अ‍ॅनिमेशनने तीच पात्रं किती देखणी काढली ते पाहा.

---

नेपथ्य

@खडूस_वाचक, चित्रांबद्दल वाद घालत नाही. पार्श्वचित्रं मात्र पाहा: संध्याकाळची बेकरी, वसतिगृहाची खोली. त्यांत खोट काढता येत नाही.

विनोदाबद्दल मात्र भांडणार. जपानीत या प्रकाराला 'नाकिगे' म्हणतात, रडवणारा खेळ. त्याची ठरलेली चाल आहे: आधी हास्य, मग जवळीक, मग ताटातूट, मग पुनर्भेट. साच्यातला पहिला भाग लांब असतो तो वेळ काढायला नाही. सानाएचा पाव घ्या. सानाए रोज काहीतरी भयंकर पाव भाजते. कुणीतरी, बहुधा अकिओच, तोंड वाकडं करतो, ती ऐकते, "माझा पाव म्हणजे..." म्हणत रडत धावत सुटते. अकिओ उरलेला पाव तोंडात कोंबून "मला तर आवडतो!" असं ओरडत तिच्या मागं. हे किती वेळा होतं मोजायला जाऊ नका. पाचव्यांदा हसू येत नाही, दहाव्यांदा पुन्हा येतं, आणि मग तो त्या घराचा आवाज होऊन बसतो. आफ्टर स्टोरीत एक काळ असा येतो की तो आवाज बंद पडतो. तेव्हा काय गेलंय हे खेळाला सांगावं लागत नाही. निम्मा विनोद कापला असता तर ते सांगावं लागलं असतं, आणि सांगून कुणी रडत नाही.

---

खडूस_वाचक

पाव मान्य. रग्बीवाले नाही.

---

सायली_प

संगीतावर कुणी लिहिलं नाही अजून! माएदांबरोबर शिन्जी ओरितो आणि मागोमे तोगोशी आहेत. ज्यांनी फक्त अ‍ॅनिमे पाहिलंय त्यांना 'डांगो दाइकाझोकु' हे चाताने गायलेलं शेवटचं गाणं म्हणून माहीत असतं. खेळात ते आधी नागिसाच्या तोंडचं साधं बालगीत आहे. डांगो म्हणजे तांदळाच्या पिठाचे उकडलेले गोळे, आणि त्यांचं हे कुटुंब म्हणजे कधीतरी लहान मुलांत गाजून आता जुनं झालेलं काहीतरी. सगळे विसरलेत, नागिसा विसरलेली नाही.

ऐकताना एक करा: नागिसाच्या नावाची जी धून आहे ती आणि हे गाणं लागोपाठ लावा. सूर तोच. धून संथ, पियानोवर, त्यामुळे आधी लक्षात येत नाही. साठ-सत्तर तास ती धून कानावर पडत राहते आणि बालगीत कुठल्या क्षणी तिच्यात मिसळलं ते कळतही नाही. म्हणून संगीत बंद करून, दुसरीकडं काहीतरी लावून हा खेळ वाचणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

शेवटी रियाचं 'चीसाना तेनोहिरा' लागेल तेव्हा श्रेयनामावली पळवू नका. शब्द बापाच्या बाजूचे आहेत.

---

कानजी_कच्चा

पुण्यात जपानी शिकणाऱ्यांपैकी आहे, एन3 (जपानीच्या परीक्षेची मधली पातळी) झालंय. मूळ जपानीत झेपेल का? स्टीमवर दोन्ही भाषा दिसतात.

---

गवती_चहा

@कानजी_कच्चा, शाळेचा भाग झेपेल, बराचसा संवादच आहे. सुरुवात नागिसाच्या प्रसंगांनी करा, ती सगळ्यांशी आदरार्थीच बोलते, वाक्यं पूर्ण असतात. फूकोही सोपी. ती स्वतःचा उल्लेख स्वतःच्याच नावाने करते, त्यामुळे कर्ता शोधत बसावं लागत नाही. सुनोहारा आणि अकिओ यांची बोली मात्र पुस्तकात नसते. कोतोमीच्या गोष्टीत आईवडील शास्त्रज्ञ असल्याने विश्वरचनेवर लांब परिच्छेद आहेत, तिथं एन3 अपुरं पडेल. 'काल्पनिक जगा'चे, म्हणजे मुख्य गोष्टीच्या अधूनमधून येणाऱ्या एका वेगळ्याच जगाचे, तुकडे भाषेला सोपे पण अर्थाला अवघड.

एक सवय: न कळलेलं वाक्य लगेच कोशात शोधू नका. आधी त्याचा आवाज पुन्हा ऐका, लॉग उघडला की मागचा संवाद परत वाजवता येतो. मग शोधा. नाहीतर दिवसाला दहा पानं होतील आणि तारीख 16 एप्रिलच्या पुढं सरकणार नाही.

---

तिरफळ

फूकोचा विषय निघालाच आहे तर: ती तारामासा कोरत असते आणि मध्येच त्याच्या विचारात तंद्री लागून हरवते. त्या प्रत्येक तंद्रीत तोमोयाला खोडी काढायचा पर्याय मिळतो, नाकानं रस पाजण्यापर्यंत. सगळ्या खोड्या पूर्ण केल्या तर 'फूको मास्टर' ही पदवी मिळते. एकही सुटली तर नाही. म्हणजे इथंही तंद्रीगणिक वेगळा सेव्ह. पोरकट वाटेल, पण ही खोड्यांची साखळी आणि तिच्या गोष्टीचा शेवट एकाच रूटमध्ये आहेत हे विसरू नका. लोक तिला हळूहळू विसरू लागतात तो भाग त्या खोड्यांमुळेच जड जातो.

---

दीपस्तंभ

पुढे आफ्टर स्टोरीचा पूर्ण रहस्यभेद आहे.

सगळे नागिसाच्या जाण्याबद्दल लिहितात. मला या खेळात सर्वांत पक्कं लिहिलेलं वाटतं ते काम. तोमोया शाळा संपल्यावर योशिनोच्या हाताखाली विजेच्या कामाला लागतो: रस्त्यावरचे दिवे, खांब, उंचावर हात वर करून करायची जोडणी. आणि याचा तर उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. पहिल्या भागात जी जखम 'बापाबद्दलचा राग' म्हणून आली, ती इथं रोजच्या रोजीरोटीची अडचण होते. लेखक तिच्यावर भाषण देत नाही. फक्त दमणं, घरी येऊन जेवताजेवता डोळे मिटणं, आणि दुसऱ्या दिवशी परत खांब.

मग चांगल्या नोकरीची संधी येते आणि बापाच्या अटकेमुळे हातची जाते. तो भिंतीवर मुठी आपटतो, नागिसा थांबवते, आणि त्याच अवस्थेत तो तिला लग्नाचं विचारतो. इतक्या वाईट वेळी मागणी घालणारा नायक मी दुसरा पाहिला नाही, आणि म्हणूनच ती खरी वाटते.

पण कणा आहे तो प्रवास. नागिसा गेल्यावर पाच वर्षं त्यांची मुलगी उशिओ आजी-आजोबांकडे वाढते, तोमोया कामात आणि दारूत. सानाए सहलीचा बेत करते आणि ऐनवेळी स्वतः गायब होते, म्हणजे बाप-लेक दोघंच. वाटेत तो पोरीला एक स्वस्तातला खेळण्यातला रोबो घेऊन देतो. फुलांच्या माळावर तो हरवतो. दुसरा घेऊ म्हटलं तरी ती शोधतच राहते, कारण बाबांनी स्वतः निवडून घेतलेली ती पहिली वस्तू. आणि त्याच माळाजवळ तोमोयाला त्याची आजी शिनो भेटते. बायको गेल्यावर त्याच्या बापाने एकट्याने, नोकऱ्या गमावत, त्याला कसं वाढवलं ते ती सांगते. क्रम पाहा: आधी बापाची बाजू, मग पोरीचं रडू. सानाएने तिला सांगितलेलं असतं की रडायचं ते संडासात, नाहीतर बाबांच्या कुशीत. हे उलट क्रमाने आलं असतं तर नुसता रडका प्रसंग झाला असता. या क्रमाने तोमोया एकाच वेळी मुलगाही होतो आणि बापही.

---

खडूस_वाचक

रहस्यभेद चालूच.

इथपर्यंत मीही गप्प. पण मग उशिओही जाते, आणि शेवटी चमत्कार होऊन सगळं परत. शंभर तास दुःखाची किंमत मोजायला लावून शेवटी पैसे परत?

---

दीपस्तंभ

चमत्कार फुकटात होत नाही, धाग्याच्या पहिल्या प्रतिसादातच उत्तर आहे. प्रकाशाचे गोळे म्हणजे गावातल्या माणसांच्या सुखाचे क्षण. फूकोच्या बहिणीचं लग्न लागावं म्हणून, मिसाएताईंची जुनी गाठ सुटावी म्हणून तुम्ही तास घातलेत. शेवटी तेच कामाला येतात. आणि तोमोयाचा बापाशी समेट झालेला असतो. ते उरकल्याशिवाय खरा शेवट नाही.

अ‍ॅनिमेत हे का पटत नाही त्याला कारण आहे. तिथं गोळे दिसतात, पण प्रेक्षकाने ते मिळवलेले नसतात. तरी दिग्दर्शक तात्सुया इशिहारा यांनी एक शहाणपण केलं: मेइ-सुनोहारा, मिसाए आणि युकिने यांच्या गोष्टी 2008 च्या दुसऱ्या मालिकेच्या सुरुवातीला नेल्या. पुष्कळांना ते भरताड वाटतं. ती खेळातल्या कुलुपाची नक्कल आहे.

---

खडूस_वाचक

हे पटलं असं म्हणत नाही. पण शेवट परत वाचेन, ते पहिल्या दिवशीचे सेव्ह पुसले नसतील तर.

---

मेतकूट

रहस्यभेदाचे प्रतिसाद डोळे मिटून ओलांडले. हा संपल्यावर पुढं काय? आणि तोइ स्टुडिओचा क्लॅनाड चित्रपट आधी पाहिला तर चालेल का?

---

गवती_चहा

चित्रपट आधी नको. ओसामु देझाकींचा 2007 चा आहे, गोष्ट बरीच बदलून, दीड तासात. खेळानंतर कुतूहल म्हणून पाहा.

पुढं: 'क्लॅनाड साइड स्टोरीज', 16 छोट्या गोष्टी, पर्याय नाहीत, नुसत्या वाचायच्या. त्या आफ्टर स्टोरी पूर्ण झाल्यावरच. तोमोयो आवडली असेल तर 'तोमोयो आफ्टर' (2005), पण तो तिच्या रूटच्या पुढचा आहे, नागिसाच्या नाही, हे डोक्यात ठेवा. मूळ खेळाला लागून लगेच घेऊ नका, दोन्हीची सरमिसळ होते.

स्टीमवर उन्हाळी किंवा हिवाळी सेलपर्यंत थांबायची तयारी असेल तर थांबा, यूपीआयने पैसे भरता येतात. पलंगावर लोळत वाचायचं असेल तर निन्टेन्डो स्विचवरची 2019 ची आवृत्ती बरी, तीही जपानी-इंग्रजी दोन्हीत आहे. फक्त एकदा ठरवा आणि तिथंच राहा. संगणकावरचे सेव्ह स्विचवर नेता येत नाहीत, आणि 13 गोळे दुसऱ्यांदा पहिल्यापासून जमवायची वेळ येईल.

---

मेतकूट

स्विचच. फूकोपासून सुरू करतो.

---

तिरफळ

पहिली खेप वाटाड्याशिवाय म्हटलं ना!